करडी माशी आली नाही

१

खून झाला होता. फक्त प्रेत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मंडळी काठावर बसून सँडविच खात होती आणि प्रेत त्यांच्या पायांशी वाहत होतं.

ऑलबर्न नदीवर ट्राउट माशांच्या हंगामाचा तो पहिला दिवस. एप्रिल अर्धा उलटला होता, तरी वारा असा की नाकाचा शेंडा जागेवर आहे ना, हे अधूनमधून चाचपून बघावं. ऑलबर्न खडूच्या टेकड्यांच्या पोटातून झिरपत येते, त्यामुळे तिचं पाणी भलतंच नितळ. बार्नबी टॅरंट सांगायचा, की आपण एकदा काठावर बसून तळाशी पडलेलं अख्खं वर्तमानपत्र वाचलं, आणि पान उलटायला एक ट्राउट आला. बार्नबी खोटं कधी बोलला नाही. खऱ्यात जरा हवा भरायचा, इतकंच.

आता बार्नबी नव्हता, पण त्याच्या वेळचे नियम होते. या नदीवर गळाला गांडूळ लावणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवणं. इथे गळावर रेशमानं पिसं बांधून केलेली नकली माशी लागते, ती पाण्यावर तरंगावी लागते, आणि मुख्य म्हणजे नदीवर खरी माशी येऊन मासा तिला तोंड लावत नाही तोवर कुणी दोरी पाण्यात टाकायची नाही. तोवर बसायचं. वसंताच्या तोंडावर करडी माशी दुपारी बाराच्या सुमारास तळातून वर येते, शिडाच्या होडीसारखे पंख उभे करून वाहत जाते, आणि मग खालून मासे सरसावतात.

बारा वाजले. एक वाजला. करडी माशी आली नाही.

काठाजवळचे ट्राउट मात्र वाट बघत होते. पोटं खपाटीला गेलेली. विलोच्या झाडाचा एक तुरा वाहत आला, त्याच्यावर तिघं तुटून पडले आणि थुंकून परत फिरले. क्लबचे अध्यक्ष सर ह्यूबर्ट फोलियट यांनी सिगारेटचं थोटूक टाकलं, तेही एकानं घेतलं. सर ह्यूबर्ट हसले. बाकावर बसलेला इनॉक बॅस्कम हसला नाही.

इनॉक म्हणजे निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. देहानं धान्याच्या कणगीएवढा. त्याच्यासमोर बसलं की चोर आपले गुन्हे तर कबूल करायचाच, वर शेजाऱ्याचेही सांगून टाकायचा, अशी त्याची ख्याती. बायको गेल्यावर तो या खोऱ्यात राहायला आला. बार्नबीनं त्याच्या हातात गळाची काठी दिली, आणि बार्नबी गेल्यावर त्याच्या बायकोला रोज दुपारी या बाकावर आणून बसवण्याचं काम इनॉकनं आपण होऊन घेतलं. का, ते त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं पाण्याकडे बघितलं असतं.

लेटिस टॅरंट त्र्याऐंशीच्या होत्या. खोऱ्यातल्या प्रत्येक टोपीत आणि प्रत्येक डबीत त्यांच्या हातच्या नकली माश्या होत्या. डोळे जवळजवळ गेले होते. आता त्या बोटांनी बघून बांधायच्या. हंगामातली पहिली करडी माशी पकडून लेटिसबाईंच्या तळहातावर ठेवायची, हा बार्नबीनं पाडलेला रिवाज. ती तळहातावर दोन पावलं चालायची, उडून जायची, आणि बाई म्हणायच्या, "झालं वर्ष सुरू."

"आली का रे?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून. गारठा आहे."

"गारठ्याला ती घाबरत नाही. गारठ्याला तू घाबरतोस."

इनॉकनं बाईंनी सकाळीच दिलेली माश्यांची नवी डबी उघडली आणि सवयीनं नाकाशी नेली. दर वर्षी त्या डबीला असा उग्र, औषधी वास यायचा की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. यंदा साबणाचा मंद वास येत होता. आपलं नाक म्हातारं झालं, असं म्हणून त्यानं डबी खिशात टाकली.

तेवढ्यात उथळ पाण्यात उभ्या असलेल्या रूबेन गॅलपनं, नदीच्या राखणदारानं, तळाचा एक दगड उलटला. बघितला. दुसरा उलटला. तिसरा उलटला आणि तो हातात धरूनच उभा राहिला.

"इन्स्पेक्टरसाहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "जरा खाली येता? टॅरंटबाईंना तिथेच बसू द्या."

२

ऑलबर्नच्या तळातला कुठलाही दगड उलटा करा, खालच्या अंगाला बाजार भरलेला असतो. करड्या माशीची पिल्लं तुरुतुरु पळतात, बारीक झिंगे कुशीवर पडून वळवळतात, वाळूची कोषघरं पाठीवर घेतलेल्या अळ्या बिऱ्हाड ओढत निघतात. रूबेनच्या हातातल्या दगडावर काहीही पळत नव्हतं. पिल्लं दगडाला चिकटून लोंबत होती. झिंगे शिजवल्यासारखे नारिंगी पडले होते.

इनॉकनं नोकरीत प्रेतं बरीच पाहिली होती. एका दगडाखाली इतकी कधी पाहिली नव्हती.

"मार्चअखेरीला मी स्वतः माश्या बघितल्यात," रूबेन म्हणाला. "थोड्याच, पण होत्या. मग पंधरा दिवस पाठ धरली म्हणून पडून होतो. आज बघतोय तर हे."

"पडून होतास, होय ना?" मागून आवाज आला. सर ह्यूबर्ट खाली उतरले होते. त्यांच्या मिशा त्यांच्या आधी येऊन पोचायच्या आणि ते नंतर यायचे. "पाठ दुखते, पाण्यातलं गवत कापवत नाही. मग माणूस काय करतो? गवत मारायचं औषध ओततो. तुझ्या खोपटात डबा आहे, गॅलप. मी पाहिलाय. कवटीचं चित्र असलेला."

"तो पायवाटेवरच्या खाजकुयलीसाठी आणलेला, साहेब! दोन वर्षांपूर्वीचा!"

"कवटी ती कवटी."

"सर ह्यूबर्ट," इनॉक म्हणाला, "तुमच्या पायाशी काय आहे?"

"गवत."

"कसं आहे?"

सर ह्यूबर्टनी खाली बघितलं. पाण्यातलं गवत हिरवंगार, केस मोकळे सोडल्यासारखं लहरत होतं. "हिरवं आहे," ते नाइलाजानं म्हणाले.

"गवत मारायच्या औषधानं गवत तेवढं सोडलं, म्हणायचं."

"तू पोलीस होतास, बॅस्कम, माळी नव्हतास. शनिवारी तीन वाजता समितीची सभा आहे. तोवर दुसरा कुणी आणून उभा कर. नाहीतर गॅलप जाईल, आणि नोकरीबरोबर मिळालेलं घरही रिकामं करेल."

मिशा निघून गेल्या, पाठोपाठ सर ह्यूबर्ट गेले.

रूबेन पाण्यातच उभा होता. "टॅमसिनला पुढच्या महिन्यात बाळ होणार," तो म्हणाला. "तिला कसं सांगू?"

इनॉक वाकून दगड चाळत होता, आणि त्याला काहीतरी विचित्र दिसलं. एका दगडावर गोगलगाय होती. त्यानं तिला बोटानं ढोसलं. तिनं रागानं शिंगं आत घेतली. तिच्या शेजारी जळू होती, तीही ठणठणीत. मासे जिवंत. गांडुळं जिवंत. मेलं होतं फक्त माशीचं पिल्लू, झिंगा, अळी, पाणढेकूण.

"रूबेन," तो म्हणाला, "जगलंय त्यातल्या कुणाला पाय आहेत का, सांग."

रूबेननं बराच वेळ बघितलं. "नाही. पायवाली सगळी मेलीत."

"म्हणजे कुणी नदी मारायला निघालं नव्हतं. कुणीतरी किडे मारायचं औषध नदीत सोडलंय." इनॉकनं हात पुसले. "आता या खोऱ्यात किड्यांचा राग कुणाकुणाला आहे, ते बघायचं."

३

सायलस क्राउटरच्या मेंढ्या नदीच्या वरच्या अंगाला, जुन्या गिरणीच्या पुलापलीकडे चरायच्या. त्यांच्या अंगावरच्या गोचिडांसाठी त्याच्या गोठ्यामागे औषधाचा हौद होता. मेंढरू त्यात बुचकळून काढायचं. नदी तिथून हाकेवर.

"आलास? मी वाटच बघत होतो," सायलस म्हणाला. तो एका कोकराला काखेत धरून बाटलीनं दूध पाजत होता. "दारूच्या गुत्त्यात सगळे म्हणतायत, क्राउटरनं नदी मारली. एका माशीपायी माझ्याकडे असे बघतायत, जसं काही मी कुणाची आजी पुरली."

"पुरलीस का?"

"तुझ्या तब्येतीला पुरायचं म्हणजे मला दुसरं शेत घ्यावं लागेल. बघ, हौद बघ."

हौद कोरडा होता. तळाला मागच्या शरदातली पानं साचून पक्की झाली होती.

"एप्रिलात मेंढ्या बुचकळतो का कुणी?" सायलसनं विचारलं. "पोटाशी पिल्लं असताना? बायको मला त्याच हौदात बुडवेल."

कोरडा हौद काहीच सिद्ध करत नव्हता. पानं परत टाकताही येतात. इनॉकनं हे तोंडानं म्हटलं नाही. पण पोलिसाच्या चेहऱ्यावर न बोललेलं जास्त वाचता येतं.

"नाही पटत ना?" सायलसनं कोकरू खाली ठेवलं. "जा मग. दगड उलटून बघ माझ्या बांधाखाली. दगड तुझ्यासारखे संशयी नसतात."

तिथून इनॉक नदीच्या खालच्या टोकाला गेला. तिथे डोरिस डनेजबाईंचे वाहत्या पाण्यातल्या भाजीचे वाफे होते. लंडनच्या बड्या हॉटेलांत जाणारी ती हिरवी, तिखट पानं; आणि बाईंनी त्यांच्यावरच्या भुंगेऱ्यांशी जन्माचं वैर धरलेलं. फवारणीचा पंप भिंतीला टेकून उभा होता, आणि बाई पंपाशेजारी.

"फवारते," त्यांनी सांगून टाकलं. "लपवू कशाला? पण माझं पाणी नदीला मिळतं ते तुमच्या त्या बाकाच्या खाली. किडे मेलेत बाकाच्या वर. बरोबर?"

"खालीही मेलेत."

"खाली तर मरतीलच, पाणी खाली जातं! माझं पाणी उतार चढून वर जात असेल तर मला आत्ता बेड्या घाल. आणि नंतर तेच पाणी घेऊन जत्रेत तंबू लावू, तिकीट लावून दाखवू लोकांना."

इनॉकला त्यांचं बोलणं मान्य करावं लागलं. निघताना बाईंनी त्याला भाजीची एक जुडी दिली आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "दर वर्षी या दिवसांत पाकोळ्या नदीच्या पाण्याला लागून उडायच्या, माश्या टिपत. यंदा आल्या, दोन दिवस घिरट्या घातल्या, आणि निघून गेल्या. कुठे गेल्या असतील रे?"

जुडी हातात घेऊन तो परत निघाला. सायलस आणि डोरिस दोघांनी नकळत त्याला एकच गोष्ट सांगितली होती. माणसांना विचारून भागणार नव्हतं. नदीलाच विचारायचं होतं, ती कुठून मरायला लागली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उंच रबरी बूट चढवले आणि बाकापासून वर चालायला सुरुवात केली. चार पावलं, एक दगड. चार पावलं, एक दगड. मेलेलं. मेलेलं. मेलेलं. सूर्य वर आला तसा पाण्याचा तळ लख्ख दिसू लागला, आणि इतक्या सुंदर नदीत आपण खाटिकखान्यातून चालल्यासारखे चाललोय, असं त्याला वाटलं.

गिरणीचा पूल आला. पुलाच्या अलीकडे, डाव्या हाताला, एक अरुंद नाला नदीला मिळत होता. इनॉकनं नाल्याच्या तोंडाच्या खालचा दगड उलटला. मेलेलं. तोंड ओलांडून वरचा दगड उलटला.

बाजार! पिल्लं सैरावैरा पळाली, एक झिंगा त्याच्या अंगठ्यावरून उडी मारून पाण्यात गेला. इनॉक बॅस्कम, ज्यानं दरोडेखोर पकडल्यावरही कधी दात दाखवले नव्हते, तो पाण्यात उभा राहून एकटाच हसला.

सायलस सुटला. त्याचा बांध या रेषेच्या वर होता आणि तिथे सगळं जिवंत होतं. डोरिस आधीच सुटली होती. विष आलं होतं ते या नाल्यातून.

मग त्यानं मान वळवून नाल्याकडे बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. नाल्याच्या काठाला घरं दोनच. अलीकडचं, नदीजवळचं घर रूबेन गॅलपचं.

नाला गुडघाभरही नव्हता. रूबेनच्या परसापर्यंत दगड उलटत तो पोचला, सगळं मेलेलं. परसात टॅमसिन तान्ह्या बाळाचे कपडे वाळत घालत होती, बाळ यायच्या आधीच धुऊन ठेवलेले. रूबेन दारात बसला होता.

"कुठवर आलं, साहेब?" त्यानं विचारलं. इनॉकच्या तोंडाकडे बघून तो उठून उभा राहिला. "माझ्या दारापर्यंत?"

"तुझ्या मोरीचं पाणी नाल्यात कुठे पडतं?"

रूबेननं कुंपणाखालचं नळीचं तोंड दाखवलं. टॅमसिनच्या हातातलं झबलं तिथेच राहिलं.

"माझ्या घरात तसलं काही नाही," रूबेन म्हणाला. "बायबलवर हात ठेवून सांगतो."

"बायबल राहू दे." इनॉक नाल्यात उतरला. नळीच्या तोंडाच्या वर दहा हात गेला आणि दगड उलटला. रूबेन आणि टॅमसिन कुंपणाला धरून उभे होते.

दगडाखाली सगळं मेलेलं होतं.

"तुझ्या घराच्या वरही मेलंय," इनॉक म्हणाला. "तू नाहीस."

टॅमसिन रडायलाच लागली. रूबेननं तिला जवळ घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून इनॉककडे बघत म्हणाला, "देव तुमचं भलं करो, साहेब. मग कोण?"

इनॉकनं खिशात हात घातला होता आणि हाताला माश्यांची डबी लागली होती. त्यानं ती उघडून पुन्हा वास घेतला.

साबण.

नाक म्हातारं झालं नव्हतं. आणि नाल्यावर, वरच्या अंगाला, आता एकच घर उरलं होतं.

५

"आज लवकर आलास," लेटिसबाई म्हणाल्या. "बस. आणि पाय पूस, नाल्यातून आल्यासारखा वास येतोय."

खिडकीशी त्यांचं कामाचं मेज, मेजावर चिमटा, रेशमाची रिळं. भिंतीला लागून बार्नबीची पेटी उभी, उथळ खणांची. खणाखणांत कोंबड्यांची, तितरांची, बदकांची पिसं. माश्या बांधणाऱ्याचा जीव त्या पिसांत असतो. त्यांना कसर लागली की जन्माची जमवाजमव भुस्सा होते.

"पेटी चकाकतेय," इनॉक म्हणाला.

"दिसलं ना?" बाई खूश झाल्या. "घासून काढली. खण न् खण. पिसंसुद्धा साबणाच्या पाण्यानं धुतली, टॉवेलवर सुकवली. दोन दिवस घरात सगळीकडे पिसंच पिसं. मांजर तर वेडं झालं."

"का धुतली?"

"अरे, टॅमसिनला देणारेय ना मी. कुणाला सांगू नकोस, बाळाच्या बारशाला द्यायची ठरवलीय. शिकवायला घेतलंय तिला मी. बोटं चांगली आहेत पोरीची. माझ्यामागे या नदीला माश्या कोण बांधणार?" त्यांनी पेटीवर हात फिरवला. "पण बार्नबीनं त्या पिसांत कसरीचं औषध माखून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं. ते पोटुशीच्या नाकात जायला नको. उद्या बाळ पिसं तोंडात घालेल. म्हणून म्हटलं, सगळं धुऊन टाकू."

इनॉक मोरीशी गेला. दगडी, खोलगट, जुनी मोरी. त्यानं तिच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी धरलं. कपारीच्या आत, साबणाच्या खाली, तो जुना उग्र वास अजून चिकटून होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वासानं असेल.

"मोरीत काय करतोयस?"

"तांब्या बघत होतो. पाणी प्यायला." तो थांबला. "बाई, त्या औषधाची बाटली होती ना एक? तपकिरी, मोठी?"

"बार्नबीची? होती की, अर्धीअधिक भरलेली. तीपण रिकामी केली. ठेवून काय करायचं, टॅमसिन येणार-जाणार घरात."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? मोरीत. चांगलं भरपूर पाणी सोडून. अंगणात ओतलं असतं तर कुणाचं कुत्रंमांजर चाटून मेलं असतं." त्यांनी डोळे त्याच्या दिशेला वळवले. "का रे? काही चुकलं का?"

तीस वर्षं लोकांकडून कबुल्या घेणाऱ्या इनॉकला अशी कबुली कुणी दिली नव्हती, इतकी सरळ आणि इतक्या आनंदानं.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही चुकलं."

"माशी आली का आज?"

"गारठा आहे."

चहा न पिताच तो बाहेर पडला. कुंपणाबाहेर, नाल्याच्या वर, त्यानं शेवटचा दगड उलटला. तिथे सगळं जिवंत होतं. रेषा बाईंच्या मोरीशी येऊन संपत होती.

६

शुक्रवारभर तो नदीच्या काठानं खाली चालला. डोरिसच्या वाफ्यांखाली मेलेलं. त्याच्या खालच्या बंधाऱ्याशी मेलेलं. संध्याकाळी पाय उचलेनात तेव्हा थांबला. मेलेले दगड संपले नव्हते. एका बाटलीत इतकं मरण मावतं, हे बार्नबीनं सांगितलं असतं तर सगळे हसले असते.

शनिवारपर्यंत त्याचं ठरलं होतं. सभेत उभं राहायचं आणि सांगायचं, की माझ्या बागेतल्या मुंग्यांच्या औषधाचा डबा मी नाल्यात धुतला. क्लब त्याला नदीवरून हाकलेल. हाकलू दे; मासे पकडायला उरलंय काय? रूबेनचं घर राहील. आणि बाईंना कळणार नाही.

फक्त बाईंच्या तळहातावर पहिली माशी ठेवायची बाकी होती.

सकाळी तो गिरणीच्या पुलावर गेला, जिथे नदी जिवंत होती. उन्हाची तिरीप पडली आणि पाच-सहा करड्या माश्या खरंच वर आल्या. पोटावर पालथा पडून त्यानं एक पकडली आणि काड्यापेटीत ठेवली. पण पोलिसाचा पंजा गुंडाच्या मानगुटीसाठी घडलेला असतो. बाकाजवळ येऊन त्यानं पेटी उघडली तेव्हा माशी चेपून ओला ठिपका झाली होती.

मग त्यानं खिशातल्या डबीतली एक काढली. पकडीनं तिचा गळ तोडला.

बाई बाकावर येऊन बसल्या. ऊन होतं, वारा पडला होता. खाली ट्राउट रांगेनं उभे होते.

"बारा वाजले असतील," बाई म्हणाल्या. "आली का रे?"

"आली," इनॉक म्हणाला.

बाईंचा चेहरा असा उजळला, की त्यानं दुसरीकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. त्यानं माशी ठेवली.

बाई निश्चल बसल्या. मग दुसऱ्या हाताचं एक बोट आलं, आणि हलकेच, पिसालाही कळू नये असं, माशीवरून फिरलं.

"चालत नाहीय."

"गारठलीय."

"होय." बोट पुन्हा फिरलं. "आणि हिचा गळ नीट कापला नाहीस. खुंट राहिलाय." त्या थांबल्या. "ही माझी गाठ आहे, इनॉक."

पाण्याचा आवाज येत होता.

"तू खोटं कधी बोलत नाहीस," बाई हळूहळू म्हणाल्या. "म्हणजे खरी मिळाली नाही. एकही नाही. हंगाम उघडून किती दिवस झाले, रोज नवा गारठा. आणि परवा माझ्या मोरीशी उभा होतास. पोलिसाला मोरीत काय सापडतं, म्हटलं मी. त्यानंतर तू माझ्याकडे चहा प्यायला नाहीस." तळहात तसाच उघडा होता. "मोरीचं पाणी नाल्यात जातं ना रे?"

"बाई..."

"सगळ्या मेल्या?"

"गिरणीच्या पुलाच्या खालच्या."

"कुठवर?"

"मी चालायचं थांबलो तिथवर तरी."

बाईंनी मान हलवली, कुणी रस्ता सांगावा आणि तो समजावा तशी.

"परत येतील?"

"येतील. वरून वाहत येतील, अंडी घालतील. चार-पाच वर्षं लागतील."

"चार-पाच वर्षं," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुला दिसतील."

त्यांनी मूठ मिटली. मग बाई म्हणाल्या, "रूबेनची सभा आज ना?"

"तीनला. मी सांगणार आहे की माझ्या बागेतला डबा..."

"तू?" त्या हसल्या, पण त्यात हसू नव्हतं. "एक माशी तुला नीट खोटी करता येत नाही, आणि अख्खा डबा करणार? सर ह्यूबर्टसुद्धा पकडतील, आणि त्यांना आजवर काहीच पकडता आलेलं नाही. हात दे. हळू चाल."

"बाई, तुम्ही नका येऊ. तुम्हाला काय बोलतील ते लोक..."

"मला बोलू दे. टॅमसिनचं बाळ कुणाच्या घरात जन्माला यायचंय, ते मी ठरवू दे की जरा." त्या उठल्या. काठाशी क्षणभर थांबल्या, पाण्याकडे तोंड करून, जणू दिसतंय. "साठ वर्षं मी त्यांची नक्कल केली. पायसुद्धा मोजून लावले. आता पेटीत आहेत तेवढ्याच."

त्याच्या दंडाला धरून त्या वाटेला लागल्या. मिटलेली मूठ त्यांनी उघडली नाही.

मागे बाकासमोर ट्राउट तसेच रांगेत उभे होते, वरच्या अंगाला तोंडं करून. दुपारचे बारा वाजून गेले होते, ऊन होतं, आणि माशी यायची हीच वेळ होती.